उचल, बैलजोडी आणि दवाखाना

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ मराठी फौजांनी निजामअलीला मागं रेटलं आणि तो निंबाळकरांच्या भुईकोटात शिरून कोंडला गेला. बाहेर वेढा, आत दाणावैरणीची आणि पाण्याची टंचाई. दोन दिवसांत तहाची बोलणी सुरू झाली. कोट्यवधींची रक्कम, वर्षाला तीस लाखांहून अधिक वसूल देणारा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि खुद्द दिवाण मुशीरुल्मुल्क एवढं सगळं निजामानं कबूल केलं. पुण्याच्या दरबाराच्या पदरात एका आठवड्यात एवढी दौलत पूर्वी क्वचितच पडली असेल. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, गादीसाठी ओढाताण सुरू झाली, आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात महाडच्या करारानं नाना फडणवीसांनी खर्ड्याला मिळालेलं बरंचसं निजामाला परत देऊन टाकलं. पैसा आला तसा गेला. जाण्याचं कारण रणांगणावर घडलं नव्हतं, ते घरात घडलं होतं.

राज्याच्या तिजोरीची गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत आहे. याच खर्ड्याच्या पंचक्रोशीतल्या घरांत अचानक पैसा आला किंवा अचानक गेला तर काय होतं, हे मात्र फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. जामखेड तालुक्याचं हे गाव बालाघाटाच्या अंगाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांना खेटून आहे. पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर, उडीद हाताशी लागले तर लागले. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. इथल्या घराच्या सांपत्तिक स्थितीचा आलेख सरळ रेषेत कधीच जात नाही. एका वर्षात विहिरीला पाणी लागतं, दुसऱ्या वर्षी बैल विकावा लागतो. रस्त्यात जमीन गेली की एकरकमी मोबदला येतो. घरातलं माणूस दवाखान्यात पडलं की तोच पैसा आठवड्यात संपतो.

श्रीमंत माणसं जास्त निरोगी असतात हे कुणालाही दिसतं. पण पैसा आहे म्हणून तब्येत चांगली, की तब्येत चांगली म्हणून कमाई जास्त? दोन्ही खरं असू शकतं, आणि नुसत्या आकड्यांवरून गुंता सुटत नाही. म्हणून अर्थशास्त्रज्ञ योगायोगाच्या शोधात असतात. ज्या पैशाचा माणसाच्या गुणदोषांशी काहीच संबंध नाही असा पैसा आला किंवा गेला, तर पुढं जे बदलतं ते पैशामुळंच बदललं असं बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. लॉटरी हा असा एक योगायोग. पाऊस हा दुसरा. पहिल्याचा अभ्यास प्रामुख्यानं अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये झाला, दुसऱ्याचा आपल्याकडं, सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांत.

लॉटरीचं आधी थोडक्यात सांगतो. मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८० च्या दशकात ज्यांना बक्षिसं लागली त्यांचा अभ्यास गिडो इम्बेन्स, डोनाल्ड रुबिन आणि ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला. बक्षिसाची रक्कम वर्षावर्षाच्या हप्त्यांनी येत होती. हप्त्यातल्या दर शंभर डॉलरांमागं माणसांची स्वतःची कमाई सुमारे अकरा डॉलरांनी घटली. काम सोडून दिलं असं नाही, थोडा हात सैल सोडला इतकंच. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसलं. बक्षीस लागलेल्याची वार्षिक कमाई बक्षिसाच्या साधारण एक टक्क्यानं उतरली आणि पुढची कित्येक वर्षं उतरलेलीच राहिली. जोडीदाराची कमाईही घटली, पण कमी. म्हणजे दोघांच्या संसारात आलेला पैसाही ज्याच्या नावावर येतो त्याच्याच कामाचं ओझं आधी हलकं करतो. आणि तब्येत? त्याच संशोधकांनी मृत्यूच्या आणि रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा प्रौढांच्या आयुर्मानावर बक्षिसाचा म्हणण्यासारखा परिणाम सापडला नाही.

बचतीच्या बाबतीत फ्लोरिडातला निष्कर्ष जास्त बोलका आहे. तिथं पन्नास हजार ते दीड लाख डॉलरांची बक्षिसं लागलेली आणि अगदी किरकोळ बक्षिसं लागलेली अशा दोन गटांची तुलना झाली. मोठं बक्षीस लागलेल्यांची दिवाळखोरी पहिली दोन वर्षं कमी झाली, आणि तीन ते पाच वर्षांनी ती घट भरून निघाली. एकूण दिवाळखोरी टळली नाही, पुढं ढकलली गेली.

स्वीडनच्या निष्कर्षाचा अर्थ लावताना तिथं दवाखान्याचा बहुतेक खर्च सरकार उचलतं हे विसरता येत नाही. पैसा येवो न येवो, उपचार होणारच असतील तर बक्षिसानं आयुष्य कशाला वाढेल? तिथं तब्येतीची आणि तिजोरीची गाठ सरकारनं आधीच सोडवून ठेवली आहे. खर्ड्यात ती घट्ट बसलेली आहे. म्हणून लॉटरीपेक्षा पावसाचे अभ्यास मला आपल्यासाठी जास्त मोलाचे वाटतात.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेनं १९७५ पासून काही गावांत घरोघरच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कलमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा, शिवाय तेव्हाच्या आंध्र प्रदेशातलं महबूबनगर जिल्ह्यातलं औरेपल्ले आणि डोकूर. कुणी किती पेरलं, किती निघालं, कुणाकडून किती उसने घेतले, कोण किती दिवस कुठं मजुरीला गेलं, हे वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकरी घराविषयी जगभरच्या विद्यापीठांत जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग या गावांच्या वह्यांतून आलेला आहे. शिरापूर-कलमण खर्ड्यापासून फार दूर नाहीत. तीच ज्वारी, तोच पाऊस.

हान्स बिन्सवांगर यांनी याच कोरडवाहू पट्ट्यातल्या शेतकऱ्यांबरोबर खरे पैसे लावून नाणेफेकीचे खेळ खेळले. सुरुवात आठ आण्यांपासून, आणि शेवटी बक्षीस शेकड्यांत. तेव्हा शेतमजुराला दिवसाला चार-पाच रुपयेही मिळत नव्हते, त्यामुळं डाव मोठा होता. रक्कम वाढत गेली तसे जवळजवळ सगळेच शेतकरी सावध झाले, आणि मोठ्या डावात श्रीमंत आणि गरीब यांच्या सावधपणात फारसा फरक उरला नाही. गरीब माणूस स्वभावानंच भित्रा असतो, म्हणून नवं बियाणं घेत नाही, विहीर खणत नाही, हा शहाणपणाचा आव आणणारा समज या खेळांनी खोटा पाडला. धोका पत्करायची तयारी दोघांची सारखीच असते. डाव फसल्यावर उभं राहायला एकाच्या पायाखाली जमीन असते, दुसऱ्याच्या नसते.

आता पीक बुडालं तर घर काय करतं ते पाहू. क्रम ठरलेला असतो, आणि तो बाहेरच्या माणसाला वाटतो तसा नसतो. आपल्याला वाटतं, आधी वस्तू विकतील, मग पोटाला चिमटा काढतील. एन. एस. जोधा यांनी राजस्थानातल्या दुष्काळी गावांबद्दल १९७५ मध्ये लिहिलं ते नेमकं उलट आहे. घर आधी खाणं कमी करतं, आणि उत्पादनाचं साधन शेवटपर्यंत धरून ठेवतं. बैल गेला तर पुढच्या वर्षीची पेरणी गेली, हे घराला पक्कं माहीत असतं. तरीही वेळ येतेच. मार्क रोझेनझ्वाइग आणि केनेथ वोल्पिन यांनी इक्रिसॅटच्या नोंदींवरून १९९३ मध्ये दाखवलं, की या गावांत वाईट वर्षी बैल विकले जातात आणि बऱ्या वर्षी घेतले जातात. बैल हेच घराचं बचत खातं. आणि हे खातं फार महागात पडतं. दुष्काळात सगळ्यांनाच विकायचे असतात, म्हणून बाजारात भाव पडलेला असतो. पाऊस झाला की सगळ्यांनाच घ्यायचे असतात. स्वस्तात विकून महागात घ्यायचं, हे चक्र दर चार-पाच वर्षांनी फिरत राहतं. बैल विकलेल्याला औतासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, वाफसा निघून गेल्यावर त्याची पाळी येते, आणि उशिरा पेरलेलं कमी उगवतं.

बैलाच्या आधी आणि बैलाच्या नंतर घर आणखी दोन गोष्टी खर्च करतं. एक, अंगमेहनत. अंजिनी कोचर यांनी १९९९ मध्ये याच नोंदींतून मांडलं, की पीक अपेक्षेपेक्षा कमी आलं की शेतकरी घरातले पुरुष बाहेरच्या मजुरीचे तास वाढवतात, आणि खाण्यापिण्यावरचा आघात त्यातून बराच झेलला जातो. लॉटरीच्या अभ्यासाशेजारी हे ठेवून पाहा. पैसा आल्यावर स्वीडनमधल्या माणसाचं काम नाममात्र घटलं. पैसा गेल्यावर सोलापुरातल्या माणसाचं काम त्याच हंगामात वाढलं. दुसरं, मुलांची शाळा. हनान जेकोबी आणि इमॅन्युएल स्कूफियास यांना उत्पन्न घसरलेल्या हंगामात मुलांची हजेरी घसरलेली दिसली. पोराला कुणी शाळेतून काढत नाही, नाव पटावर असतंच, पण तो शेळ्यांमागं असतो.

आणि तिसरी गोष्ट लिहिताना हात अडखळतो. ग्रामीण भारतातल्या आकडेवारीवरून इलेना रोझ यांनी १९९९ मध्ये असं दाखवलं, की ज्या वर्षी पाऊस चांगला, त्या वर्षी जन्मलेल्या मुलींची जगण्याची शक्यता मुलांच्या तुलनेत सुधारते. हे वाक्य उलटं वाचलं की त्याचा खरा अर्थ लागतो. घरातली तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. दूध कुणाला, दवाखान्यात आधी कुणाला न्यायचं, याचा निर्णय चुलीपाशी, न बोलता होतो.

माझ्या मते या सगळ्या अभ्यासांना जोडणारा धागा एकच आहे. अचानक आलेला पैसा घरात हळूहळू मुरतो, अचानक गेलेला पैसा लगेच वसूल होतो, आणि वसुली शरीरांवर निघते.

खर्ड्याच्या टापूत याचा सगळ्यात मोठा अनुभव १९७२ चा. सलग दोन-तीन वर्षं पाऊस नसल्यानं दावणी रिकाम्या झाल्या होत्या. त्या दुष्काळात मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग. ज्यांच्या घरी पूर्वी सालगडी होते, त्या घरांतल्या बायकाही पाटी उचलायला गेल्या. घरी सुकडी आली, अमेरिकेची मिलो आली. बैल विकले गेले, डोरली मोडली गेली, पण पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली नाहीत. घराची आधीचीच सवय, म्हणजे नुकसान मजुरीनं भरून काढणं, सरकारनं कामं काढून शक्य करून दिली. वि. स. पागे यांच्या पुढाकारानं आलेली रोजगार हमी योजना पुढं १९७७ च्या कायद्यानं हक्क बनली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला.

आता उचलीकडं, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ मिळणाऱ्या पैशाकडं येतो, कारण या भागात एकाच वेळी हातात पडणारी सर्वांत मोठी रक्कम बहुतेकदा तीच असते. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत मुकादम एका कोयत्याला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढंही उचल देतो. त्या दिवशी घरात खरोखरच पैसा असतो. नोटा मोजल्या जातात, आणि मोजता मोजताच वाटल्या जातात. सोसायटीची थकबाकी, दुकानाची उधारी, दवाखान्याचं मागचं देणं, मुलीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज, पत्रे, एखादी शेळी. संध्याकाळपर्यंत हातात प्रवासापुरतं उरतं. बाहेरून हा पैसा लॉटरीसारखाच दिसतो, पण तो धन नाही, ऋण आहे. लॉटरीनं माणसाचं काम थोडं कमी होतं. उचलीनं पुढच्या सहा महिन्यांचं काम आधीच विकलेलं असतं. पहाटे चारला फडात, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधणं, रात्री-अपरात्री गाडी भरणं, आणि कोपीवर परतल्यावर स्वयंपाक बाईचाच. आजारपणामुळं एक दिवस मोडला तर खाडा कापला जातो, आणि फिटली नाही ती उचल पुढच्या हंगामाला लागते.

याचा आरोग्याशी संबंध किती थेट आहे, ते २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येकींचं वय तिशी-पस्तिशीचं. पाळीचा त्रास म्हणजे खाडा, खाडा म्हणजे उचल फिटायला उशीर, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे. त्यानंतर कंबरदुखी, हाडांची झीज, अकाली म्हातारपण. अर्थशास्त्राच्या भाषेत काम, बचत आणि आरोग्य हे तीन वेगवेगळे रकाने असतात. या बायकांच्या आयुष्यात ते तिन्ही एकाच शरीरावर येऊन पडतात.

उसाच्याच शेतकऱ्यांवरचा आणखी एक अभ्यास इथं सांगितलाच पाहिजे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बुद्धीची चाचणी घेण्यात आली आणि २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ऊस जाण्याआधी ७८ टक्के शेतकऱ्यांनी काही ना काही गहाण टाकलेलं होतं, बिल आल्यावर हे प्रमाण ४ टक्क्यांवर आलं. तोच माणूस, तीच चाचणी, पण पैशाच्या ओढाताणीत असताना गुण कमी आणि ओढाताण संपल्यावर जास्त. कर्जात बुडालेला माणूस चुकीचे निर्णय घेतो म्हणून त्याला नावं ठेवणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. काळजी डोक्यातली जागा खाते.

पैसा येतो तेव्हा तो कोणत्या रूपात आणि कुणाच्या हातात येतो, यावरही बरंच ठरतं. केनियात गरीब कुटुंबांना विनाअट रक्कम दिली गेली. काहींना एकरकमी, काहींना महिन्याच्या हप्त्यांनी. एकरकमी मिळालेल्यांनी पत्र्याचं छप्पर, सामानसुमान घेतलं. हप्त्यांनी मिळालेल्यांच्या घरात खाणं सुधारलं. आपल्याकडं समृद्धी महामार्गासाठी जमिनीची थेट खरेदी झाली तेव्हा बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोपरगाव तालुक्यातही. अशा पैशाबरोबर घरात पहिला कागद येतो तो हक्कसोडपत्राचा. २००५ पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा आहे, आणि त्या वाट्याची किंमत रोख रकमेत दिसली की बहिणीला माहेर हवं की वाटा, असा प्रश्न भाऊ घालतात. जमीन होती तोवर हा प्रश्न झाकलेला होता.

पुण्याजवळच्या मगरपट्ट्यात वेगळं घडलं. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र करून स्वतःची कंपनी काढली आणि तिचे भागधारक झाले. जमीन गेली पण तिच्या जागी दुसरी मालमत्ता आली, जिचं उत्पन्न दरसाल येत राहतं आणि जी एका लग्नात किंवा एका गाडीत विरघळत नाही. हे पुण्याच्या वेशीवर जमलं, खर्ड्यात जमिनीला तो भाव नाही हे मान्य. पण मोबदल्याचा चेक हातात ठेवून सरकारी यंत्रणा पाठ फिरवते, तेव्हा कुटुंबानं पुढं काय करावं याचा विचार कुणीच केलेला नसतो.

मोठी रक्कम गमावण्याचा तब्येतीवर काय परिणाम होतो, याचा एक अमेरिकन पुरावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशी ओलांडलेल्या आठ हजारांहून अधिक माणसांचा वीस वर्षं मागोवा घेतला गेला. दोन वर्षांच्या आत ज्यांची तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पुंजी गेली, त्यांचा मृत्यूचा धोका इतरांहून पन्नास टक्क्यांनी जास्त होता. पण खर्ड्याच्या भागात बाण उलट्या दिशेनंही तितकाच जोरात जातो. इथं घराची पुंजी घालवणारं पहिलं कारण आजारपणच असतं. अनिरुद्ध कृष्ण यांनी गुजरात, राजस्थान आणि आंध्र प्रदेशातल्या हजारो घरांचा इतिहास गावकऱ्यांच्या तोंडून उलगडला, तेव्हा चांगली चालणारी घरं गरिबीत घसरण्यामागं दवाखान्याचा खर्च पुन्हा पुन्हा समोर आला.

म्हणून जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जे सुरू केलं, ते मला अर्थशास्त्राच्या दृष्टीनंही फार मोठं वाटतं. ते आले औषधं घेऊन, पण लोकांनी पाणी आणि अन्न आधी मागितलं. दुष्काळात कूपनलिका खोदल्या गेल्या. गावोगावच्या बायका, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर आणि दलित, आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या बाळंतपणं करू लागल्या, हगवणीला साखर-मिठाचं पाणी देऊ लागल्या, क्षय आणि कुष्ठरोग ओळखू लागल्या. सुरुवातीला या भागात हजारी १७६ बालमृत्यू होत. दोन दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. या बायकांनी कुणाच्या हातात पैसा दिला नाही, घरातून एकदम बाहेर जाणारा पैसा मात्र थांबवला. गावातच हगवण आटोक्यात आली, म्हणजे जामखेडच्या गाडीचं भाडं वाचलं, मजुरी वाचली, शेळी दावणीला राहिली.

२ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि आता महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं चालणारी राज्याची जन आरोग्य योजना मोठ्या शस्त्रक्रियेचं बिल भरते, आणि ते काम फार मोलाचं आहे. पण ती सुरू होते रुग्ण दाखल झाल्यावर, यादीतल्या रुग्णालयात, यादीतल्या आजारासाठी. त्याआधीच्या तपासण्या, खर्ड्याहून नगरला नेणारी जीप, रुग्णाबरोबर पंधरा दिवस पायऱ्यांवर झोपणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी आणि घरी आल्यावर महिनोन्महिने चालणारी गोळ्यांची चिठ्ठी हे सगळं घरानंच भरायचं असतं. ते अजूनही बचत गटाच्या कर्जातून, मुकादमाच्या वाढीव उचलीतून आणि घरातल्या बाईच्या वाढलेल्या कामातूनच भरलं जातं.